वन्यजीवांचं चित्रीकरण: आधी अंतर ओळखा, कॅमेरा नंतर

वन्यजीवांचं चित्रीकरण करावं असं मनात आलं की पहिला प्रश्न येतो तो कॅमेऱ्याचा. कोणता घ्यावा? माझ्या मते हा प्रश्न बराच नंतरचा आहे. आधी तीन गोष्टी ठरवायच्या असतात: कोणता प्राणी टिपायचा आहे, तो माणसाला किती जवळ येऊ देतो, आणि त्याची हालचाल ज्या वेळी असते त्या वेळी उजेड किती असतो. यांतली मधली गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. अंतर कळलं की लेन्स ठरते. लेन्सवरून ट्रायपॉड ठरतो आणि आवाज कसा घ्यायचा तेही ठरतं. मग कॅमेऱ्याचे पर्याय दोन-तीनच उरतात.

अंतराचं गणित

हे गणित शाळेतल्या त्रैराशिकाइतकंच आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे ज्यावर चित्र उमटतं तो भाग, ३६ मिलिमीटर रुंद असतो. या ३६ ला लेन्सच्या फोकल लेंग्थने, म्हणजे लेन्सच्या मिलिमीटरमधल्या आकड्याने, भागायचं आणि प्राण्यापर्यंतच्या अंतराने गुणायचं. समोरची किती रुंदी फ्रेममध्ये मावेल ते मिळतं.

समजा ६०० मिलिमीटरची लेन्स आहे आणि हरीण ५० मीटरवर उभं आहे. ३६ भागिले ६०० गुणिले ५०, म्हणजे ३ मीटर. दीड मीटर लांबीचं हरीण अर्धी फ्रेम व्यापेल. आजूबाजूचं गवतही दिसेल. आता त्याच अंतरावर चिमणीएवढा, १५ सेंटिमीटरचा पक्षी बसला आहे असं धरा. तो फ्रेमचा विसावा हिस्सा व्यापतो, म्हणजे नुसता ठिपका. तो पाव फ्रेम भरायला हवा असेल तर याच लेन्सने १० मीटरपर्यंत जावं लागेल. उलट ५० मीटरवर हत्ती असेल तर ६०० मिलिमीटरमध्ये त्याचं जेमतेम डोकं मावेल; अख्खा हत्ती परिसरासकट हवा असेल तर २०० मिलिमीटर पुरे.

मोठ्या प्राण्याला मोठी लेन्स लागते असा समज असतो, पण प्रत्यक्षात लहान जीवांनाच लांब लेन्स लागते. पक्ष्यांचं चित्रीकरण खर्चिक का असतं, त्याचं उत्तर इथेच आहे.

सेन्सर लहान असेल तर हेच गणित आपल्या बाजूने फिरतं. एपीएस-सी सेन्सरवर लेन्सची पोच साधारण दीडपट होते, मायक्रो फोर थर्ड्सवर दुप्पट. म्हणजे मायक्रो फोर थर्ड्सवरची ३०० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमच्या ६०० मिलिमीटरइतकीच चौकट दाखवते, आणि वजन कितीतरी कमी. याची किंमत अंधारात मोजावी लागते. लहान सेन्सरवर एकूण प्रकाश कमी पडतो, त्यामुळे तिन्हीसांजेला चित्र रवाळ होतं. दिवसाउजेडी पक्षी टिपणाऱ्याने लहान सेन्सरला नाक मुरडू नये. पहाटे आणि संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या प्राण्यांमागे जाणाऱ्याने मात्र मोठ्या सेन्सरचा विचार करावा. सुरुवात करणाऱ्याला लेन्स न बदलता येणारा, लांब झूमचा, एक इंची सेन्सरचा कॅमेराही भरपूर शिकवतो.

टेलिकन्व्हर्टरने, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायच्या जोडलेन्सने, पोच वाढते, पण १.४ पटीचा एक स्टॉप प्रकाश खातो आणि दुपटीचा दोन. (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा.) याहून सोपी युक्ती म्हणजे फोर-केमध्ये चित्रीकरण करायचं आणि अंतिम फिल्म फुल एचडीत काढायची. ३८४० पिक्सेल रुंदीतून १९२० ची चौकट कापता येते, म्हणजे संपादनात पोच दुप्पट. अर्थात मूळ फोकस चोख असेल तरच.

लेन्सवर एफ/४, एफ/५.६, एफ/८ असे आकडे असतात. यातली प्रत्येक पुढची पायरी निम्मा प्रकाश आत घेते. म्हणून एफ/४ च्या ६०० मिलिमीटर लेन्सची पुढची काच १५० मिलिमीटर व्यासाची असते आणि ती उचलताना खांदा बोलतो. पण आकडा लहान असणं प्रत्येक वेळी हिताचं नसतं. ६०० मिलिमीटर, एफ/४, २० मीटरवर प्राणी: या स्थितीत फोकसमध्ये येणारी एकूण खोली जेमतेम २७ सेंटिमीटर. बगळा आपल्याकडे तोंड करून उभा असेल तर चोच ते शेपूट सगळं त्यात मावणार नाही. एफ/८ केलं तर हीच खोली अर्ध्या मीटरच्या वर जाते. हलत्या प्राण्याच्या व्हिडिओत मी हा दुसरा पर्याय घेईन. फोटोत एक क्षण जमला तरी भागतं; व्हिडिओत फोकस सलग टिकावा लागतो.

लेन्स कितीही लांब असली तरी हवा आड येते

ऊन चढलं की जमीन तापते, तिच्यावरची हवा ढवळून निघते आणि लांबचं चित्र पाण्याखाली असल्यासारखं थरथरतं. महागातली महाग लेन्स यावर काही करू शकत नाही, कारण दोष लेन्सचा नाही, मधल्या हवेचा आहे. संपादनातही हे पुसलं जात नाही. उपाय तीनच: सकाळी लवकर काम उरकणं, तापलेल्या माती-खडकावरून नेम न धरता सावलीतून किंवा थोडं उंचावरून टिपणं, आणि अंतर कमी करणं. गाडीच्या तापलेल्या बॉनेटवरून किंवा खिडकीची काच अर्धवट खाली करून आतल्या-बाहेरच्या हवेच्या सीमेवर लेन्स टेकवली तरीही हीच थरथर दिसते.

अंतर कमी करायचं म्हणजे प्राण्याच्या दिशेने चालत जायचं असं नाही. तो जिथे येणार आहे तिथे आधी जाऊन बसायचं. पाणवठा, ठरलेली फांदी, रोजची वाट, फळं धरलेलं झाड. पायांचे ठसे, विष्ठा, खरवडलेलं खोड यांवरून ही जागा सापडते. मग वाऱ्याची दिशा पाहायची: वारा प्राण्याकडून आपल्या तोंडावर यायला हवा, नाहीतर सस्तन प्राण्याला आपली चाहूल वासानेच लागते. लपणात बसायचं ते प्राणी येण्याच्या बऱ्याच आधी, आणि उठायचं तो गेल्यावर. रिचर्ड आणि चेरी कीर्टन या इंग्लिश भावांनी १९०० साली पक्ष्यांचे फोटो काढण्यासाठी पोकळ बैल बनवून घेतला होता आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन ते उभे राहत. आज साधा कापडी तंबू किंवा उभी असलेली गाडी तेच काम करते. अनेक प्राणी गाडीला सरावतात, पण त्यातून माणूस उतरला की बुजतात.

पैसे आधी ट्रायपॉडवर

६०० मिलिमीटर लेन्सला आडवा जेमतेम साडेतीन अंशांचा कोन दिसतो. हात अर्धा अंश हलला तरी चित्र फ्रेमच्या सातव्या हिस्स्याइतकं सरकतं. म्हणून पैसे कमी असतील तर मी कॅमेऱ्यात काटकसर करायला सांगेन, ट्रायपॉडच्या हेडमध्ये, म्हणजे कॅमेरा ज्यावर बसतो आणि फिरतो त्या वरच्या भागात, नाही.

व्हिडिओला फ्लुइड हेड लागतं. त्यात दोन गोष्टी पाहायच्या. एक, ड्रॅग, म्हणजे फिरवताना मिळणारा सारखा अडथळा. त्यामुळे पॅन, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवणं, सुरू होताना आणि थांबताना झटका बसत नाही. दुसरी, काउंटरबॅलन्स, म्हणजे वजन तोलून धरणारी स्प्रिंग. तपासायची रीत सोपी आहे. आपलाच कॅमेरा, आपलीच लेन्स लावायची, ३० अंश खाली झुकवायचं आणि हँडलवरचा हात अलगद काढायचा. कॅमेरा तिथेच थांबला तर हेड आपल्या वजनाला योग्य. पुढे कोसळला किंवा उसळून वर आला तर नाही. फोटोग्राफर वापरतात तो गिम्बल हेड उडत्या पक्ष्याचा माग काढायला उत्तम, पण संथ, एकसारख्या पॅनला तो साथ देत नाही.

पायांच्या वर वाटीसारखा लेव्हलिंग बेस असावा. उंचसखल जमिनीवर तीन पाय जुळवत बसण्यापेक्षा वाटी सैल करून बुडबुडा मध्ये आणणं काही सेकंदांचं काम आहे, आणि प्राणी तेवढीच सवड देतो. मधला खांब वर काढू नये. लांब लेन्सखाली तो डुलतो. गाडीतून टिपताना खिडकीवर बीनबॅग ठेवायची आणि इंजिन बंद करायचं, नाहीतर त्याची धडधड चित्रात उतरते. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद करून पाहा. काही लेन्स स्थिर असतानाही चित्र हळूच सरकवतात, आणि पॅन करताना आपल्या हाताच्या उलट ओढतात.

चौकट लावली की हँडलवरचा हात काढून घ्या आणि निदान दहा सेकंद कशालाही हात लावू नका. प्राणी फ्रेमबाहेर गेला तरी रेकॉर्डिंग चालू राहू द्या. रिकामी फ्रेम संपादनात हमखास उपयोगी पडते.

शटर, फ्रेम रेट आणि स्लो मोशन

फोटोत शटर जितका वेगवान तितका चांगला असं आपण शिकतो. व्हिडिओत तसं नाही. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५०, ५० फ्रेमला १/१००, असं दुपटीचं प्रमाण ठेवलं तर हालचालीत नैसर्गिक पुसटपणा येतो. १/१००० ने टिपलेला धावता प्राणी अडखळत धावल्यासारखा वाटतो. पण भर उन्हात १/५० ठेवलं तर चित्र पांढरं पडतं. त्यासाठी एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सचा गॉगल. एनडी ८ तीन स्टॉप प्रकाश अडवतो, एनडी ६४ सहा. मोठ्या टेलिफोटोच्या पुढच्या काचेवर बसेल एवढा फिल्टर मिळणं कठीण, म्हणून तिथे मागच्या बाजूला छोटा फिल्टर सरकवायची खाच असते. घेताना ती पाहून घ्या. फिल्टर नसेल तर शटर थोडा जास्त वेगवान ठेवलेला परवडतो. जळालेलं चित्र दुरुस्त होत नाही.

फ्रेंच शास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. तो सेकंदाला १२ चित्रं घेई आणि त्याने त्यांनी पक्ष्यांचं उड्डाण अभ्यासलं. आज हातातला साधा कॅमेराही १०० किंवा १२० फ्रेम देतो. १०० फ्रेमने टिपून २५ ने दाखवलं की वेग चौपट संथ होतो. पण शटर १/२०० लागतो, म्हणजे १/५० च्या मानाने दोन स्टॉप उजेड कमी. पहाटे आणि दाट झाडीत हे परवडत नाही.

स्लो मोशन कुठे वापरावा याबद्दल माझं मत ठाम आहे. डोळ्याला जे निसटतं तिथेच. पक्ष्याची झडप, सरड्याची जीभ, बेडकाची उडी. हत्तीची चाल मुळातच संथ असते. ती आणखी संथ केली की त्याच्या वजनाचा अंदाजच चुकतो. बघणाऱ्याला प्राणी खरा कसा वागतो ते कळायला हवं.

फोकसबाबत थोडक्यात. प्राण्यांचे डोळे ओळखणारे नवे ऑटोफोकस खरोखर कामाचे आहेत, मोकळ्यावर तर विशेष. गवताचं पातं आडवं आलं की मात्र ते पात्यावर उडी मारतात. लेन्सवर फोकस लिमिटर, म्हणजे फोकस किती अंतरात शोधायचा ते ठरवणारं बटण, असेल तर जवळची कक्षा बंद करा. प्राणी एका जागी चरत असेल तर सरळ मॅन्युअलवर या, चित्र मोठं करून डोळ्यावर फोकस लावा आणि पीकिंगच्या, म्हणजे फोकसमधल्या भागावर कॅमेरा दाखवतो त्या, रंगीत कडा पाहत राहा.

आवाज ही वेगळी कामगिरी

लेन्स १०० मीटरवरचं दृश्य जवळ आणते. माइक तसं करत नाही. लांबुळका शॉटगन माइक बाजूचा आवाज थोडा कमी करतो, इतकंच. लांबचा आवाज ओढून आणत नाही. अंतर दुप्पट झालं की मोकळ्यावर आवाज सहा डेसिबलने उतरतो. शिवाय आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १०० मीटरवरच्या सुतारपक्ष्याची टकटक ०.३ सेकंद उशिरा पोचते. २५ फ्रेमच्या हिशेबाने चोच खोडावर आपटल्यानंतर सात-आठ फ्रेमनी आवाज येतो. संपादनात आवाज तेवढा आधी आणावा लागतो, नाहीतर बघणाऱ्याला काहीतरी खटकत राहतं.

म्हणून आवाज कॅमेऱ्यापासून सोडवा. छोटा रेकॉर्डर फरची टोपी घालून पाणवठ्याजवळ प्राणी यायच्या आधीच ठेवून द्या. ही केसाळ टोपी चैन नव्हे. साध्या झुळुकेनेही उघड्या माइकमध्ये गडगडाट होतो. पक्ष्यांच्या शिळेसाठी पॅराबोलिक डिश, म्हणजे आवाज माइकवर गोळा करणारी खोलगट तबकडी, उत्तम, पण तिच्या व्यासापेक्षा मोठ्या लहरी तिच्यात गोळा होत नाहीत. ६० सेंटिमीटरची डिश साधारण ६०० हर्ट्झखाली फारशी मदत करत नाही. घुबडाचा खोल घूत्कार किंवा वाघाची डरकाळी तिच्याकडून मागू नये.

प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं नुसत्या परिसराचा आवाज घ्या. किडे, पानं, लांबचं पाणी. तुकडे जोडताना खाली हा सलग आवाज असला की सांधे कळत नाहीत, आणि स्लो मोशनच्या दृश्यांनाही, ज्यांचा स्वतःचा आवाज वापरता येत नाही, त्याचाच आधार असतो. जो पक्षी तिथे नव्हताच त्याचा आवाज मागाहून घालू नये. जाणकाराला लगेच कळतं, आणि नवख्याला चुकीची माहिती मिळते.

एका खंड्याचं उदाहरण

खंड्या बहुधा ठरलेल्या फांदीवर परत परत येतो. सूर मारतो, मासा घेऊन फांदीवर बसतो, तो आपटून आपटून निपचित करतो आणि डोक्याकडून गिळतो. आपल्याकडे कॅमेरा एकच, पण तो हे पुन्हा पुन्हा करणार आहे. हीच संधी. पहिल्या वेळी लांबची चौकट: ओढा, फांदी, त्यावर निळा ठिपका. पुढच्या वेळी फांदी आणि पक्षी. मग जवळून नुसतं डोकं आणि मासा. मासा आपटतो तेव्हा ५० फ्रेमने टिपलेलं बरं. एक फेरी फक्त पाण्यासाठी द्या: तो जिथे सूर मारतो तिथे आधीच मॅन्युअल फोकस लावून, १०० फ्रेमवर थांबायचं.

सूर इतका झटपट असतो की बटण दाबेपर्यंत तो वर आलेला असतो. इथे प्री-रेकॉर्ड कामाला येतं. कॅमेरा शेवटचे काही सेकंद सतत स्मृतीत धरून ठेवतो आणि बटण दाबल्यावर ते आधीचे सेकंदही जतन करतो. पक्षी टिपणाऱ्याने कॅमेरा निवडताना ही सोय आहे का ते आवर्जून पाहावं. मी तिला जास्तीच्या मेगापिक्सेलपेक्षा वरचं स्थान देईन.

सगळ्या फेऱ्या ओढ्याच्या एकाच बाजूने टिपा. बाजू बदलली की मागच्या तुकड्यात डावीकडे बघणारा पक्षी पुढच्यात उजवीकडे बघू लागतो. ऊन फार बदलायच्या आत काम आटपा, आणि त्याच्या नजरेपुढे फ्रेममध्ये मोकळी जागा सोडा. शक्य तिथे लेन्स प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. वरून टिपलेलं पिल्लू नुसतं लहान दिसतं. जमिनीलगत झोपून टिपलं की त्याला गवत केवढं वाटत असेल ते दिसतं.

माणसाशिवाय चालणारे कॅमेरे

जिथे माणसाची चाहूलच चालत नाही तिथे कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप चालू होणारा कॅमेरा. त्यातला पीआयआर सेन्सर पार्श्वभूमीपेक्षा गरम किंवा थंड असलेली हलती गोष्ट ओळखतो. म्हणून उन्हात तापून डुलणारं गवत त्याला फसवतं. समोरचं गवत वाकवून मोकळं करा आणि तोंड उगवत्या-मावळत्या सूर्याकडे ठेवू नका. वाटेला अगदी काटकोनात लावला तर प्राणी चौकटीतून पटकन निघून जातो. तिरका लावला तर वाटेवरून चालत येताना दिसतो. उंची प्राण्याच्या खांद्याइतकी. रात्रीसाठी ८५० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड दिवे लांबवर पोचतात, पण अंधुक लाल ठिणगी दिसते. ९४० नॅनोमीटरचे दिसत नाहीत, पण पोच कमी. लाजाळू प्राण्यांसाठी दुसरे निवडावेत.

थर्मल कॅमेरा काळोखात उष्णता दाखवतो, मात्र साध्या काचेतून त्याला पलीकडचं दिसत नाही. गाडीची काच खाली करावीच लागते.

ड्रोनबद्दल सावध राहायला सांगेन. अमेरिकेतल्या मिनेसोटात काळ्या अस्वलांच्या शरीरात हृदयाचे ठोके नोंदवणारं यंत्र बसवून त्यांच्यावरून ड्रोन उडवण्यात आले. या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. अस्वलं बहुतेक वेळा जागची हलली नाहीत, पण त्यांचे ठोके वाढले. एका प्रसंगी तर मिनिटाला १२३ ने. प्राणी पळाला नाही म्हणजे त्याला त्रास झाला नाही, असं म्हणता येत नाही. अमेरिकेने राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोनला मनाई केली आहे, आणि इतरही पुष्कळ देशांत संरक्षित जंगलात परवानगीशिवाय ड्रोन चालत नाही.

साठवण आणि जपणूक

सेकंदाला १०० मेगाबिट या दराने तासाला ४५ जीबी भरतात. कार्ड, हार्ड डिस्क आणि दुसरी प्रत यांचा हिशेब आधी करा. रंग नंतर जुळवायचे असतील तर १० बिटमध्ये टिपा, त्यात रंगांच्या छटा जास्त असतात. ८ बिटच्या आकाशात रंग बदलताना पट्टे पडतात. थंडीत बॅटरी लवकर उतरते, जादाची अंगालगतच्या खिशात ठेवा. गारव्यातून दमट हवेत जाताना कॅमेरा बंद पिशवीतच राहू द्या. तो बाहेरच्या तापमानाला आला की मग काढा, म्हणजे काचेवर पाणी धरत नाही.

आणि चित्रीकरण कधी थांबवायचं हे प्राणीच दाखवतो. चरणं थांबवून मान वर, कान आपल्याकडे वळलेले, पाय आपटणं, इशाऱ्याचा आवाज: एवढं झालं की कॅमेरा चालू असला तरी हलायचं नाही किंवा हळूच मागे सरायचं. पक्षी तोंडात किडा धरून फांद्या बदलतोय पण घरट्यात जात नाही, याचा अर्थ पिल्लं उपाशी आहेत आणि कारण आपण आहोत. तिथून लगेच निघायचं. चांगल्या चौकटीसाठी घरट्यासमोरची फांदी तोडू नये, कारण त्याच फांदीमुळे ऊन आणि शिकारी पक्षी घरट्यापर्यंत पोचत नसतात. आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नये, विशेषतः विणीच्या काळात. दुर्मीळ प्राण्याचं किंवा घरट्याचं चित्रीकरण कुणाला पाठवण्याआधी फाइलमधली जीपीएसची नोंद पुसून टाका, आणि ओळखता येईल असा डोंगर किंवा देऊळ मागे दिसत असेल तर तो तुकडा वगळा.